मिरवणुकीत 5 वॅटचा लेझर चालेल का?

तुमच्या मंडळाने यंदा विसर्जन मिरवणुकीसाठी भाड्याने लेझर ठरवलाय. ठेकेदार म्हणतो, "5 वॅटचाच आहे, घरातल्या बल्बएवढाही नाही." तुम्ही विचारताय, हे खरं आहे का आणि लावायचाच तर काय काळजी घ्यायची. मी गेली काही वर्षं प्रयोगशाळेत लेझरवर काम करतो आणि तिथल्या सुरक्षिततेची जबाबदारीही माझ्याकडे आहे. तुम्ही वेळेत विचारलंत हे फार बरं झालं. चालत्या ट्रॉलीवरून, माणसांनी भरलेल्या रस्त्यात हा लेझर लावू नका. आता कारण सांगतो, म्हणजे मंडळाच्या बैठकीत तुम्हाला ते मांडता येईल.

आधी ती बल्बची तुलना. बल्बचा उजेड चहूकडे पसरतो. मीटरभर अंतरावरून त्यातला अगदी नगण्य भाग तुमच्या बुबुळातून आत जातो. लेझरचा झोत मात्र सुरुवातीला काही मिलिमीटरच जाड असतो, म्हणजे अंधारात मोठ्या झालेल्या बाहुलीतून तो जवळजवळ सगळाच्या सगळा आत शिरतो. त्यापुढे डोळ्याचं भिंग त्याला केसापेक्षा बारीक ठिपक्यावर एकवटतं. बुबुळावर जेवढी तीव्रता असते तिच्या सुमारे एक लाख पट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) होते. आयईसी 60825-1 या आंतरराष्ट्रीय मानकात अर्ध्या वॅटच्या वरचे लेझर वर्ग 4 मध्ये, म्हणजे सर्वांत धोकादायक गटात येतात. तुमचा त्याच्या दहापट आहे.

आता अंतराचा हिशेब. दिसणारा लेझर अचानक डोळ्यात गेला तर पापणी मिटायला पाव सेकंद लागतो असं धरतात. तेवढ्या वेळासाठी डोळा सोसू शकेल अशी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच मिलिवॅट आहे. समजा झोत दर मीटरला 1 मिलिमीटर फाकतो. 500 मीटरवर त्याचं वर्तुळ अर्ध्या मीटरचं होईल, आणि 5 वॅट त्या वर्तुळावर पसरले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला बरोबर अडीच मिलिवॅट येतात. म्हणजे थांबलेला झोत अर्ध्या किलोमीटरपर्यंत मर्यादेच्या बाहेरच असतो. मिरवणुकीत तेवढ्या अंतरात पुढची किती मंडळं येतात ते तुम्हीच बघा.

ठेकेदार यावर म्हणेल, "झोत थांबतो कुठे? तो सतत फिरतो." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण पुरेसंही नाही. झोत डोळ्यावरून सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून गेला, तर वेळ अडीचशे पट कमी झाला. मर्यादा मात्र फक्त चौपट वाढते. 10 मीटरवरच्या माणसाला तेवढ्या वेळातही मर्यादेच्या तीनशे पटींहून जास्त मारा बसतो. आणि झोत फिरवणारे ते इवलेसे आरसे धक्क्याने किंवा वायर सुटून अडकले, तर सगळी ताकद एकाच जागी थांबते. खड्ड्यांतून जाणाऱ्या ट्रॉलीवर हे व्हायला कितीसा वेळ लागतो?

स्टेजवर लेझरचे कार्यक्रम होतात, मग ते कसे? तिथे सगळी मदार रिकाम्या जागेवर असते. प्रेक्षक उभे राहतात त्या जमिनीपासून निदान 3 मीटर वरूनच झोत जातील अशी मांडणी करतात, खालच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावतात आणि एक माणूस आपत्कालीन बटणावर हात ठेवून बसतो. मिरवणुकीत हा नियम पहिल्याच चौकात मोडतो, कारण आपल्याकडे 3 मीटरवर पहिल्या मजल्याची गॅलरी असते आणि विसर्जनाच्या रात्री ती आजी-नातवंडांनी भरलेली असते. शिवाय खिडक्यांच्या काचा, बसचे आरसे, पितळी झांजा यांवरून परतलेला झोत कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. माझी खरी हरकत इथेच आहे. रिकामी जागा कायम राखता आली तरच लेझरचा धोका आटोक्यात ठेवता येतो, आणि मिरवणूक म्हणजे मुळातच भरलेली जागा.

रशियात जुलै 2008 मध्ये अ‍ॅक्वामरीन नावाच्या मोकळ्या मैदानावरच्या महोत्सवात पाऊस आला म्हणून तंबू उभारले, आणि आकाशाकडे जायचे झोत गर्दीवर आले. अनेक तरुणांची नजर कायमची अधू झाली. आपल्याकडे 2023 च्या विसर्जनानंतर नाशिक आणि पुण्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे पडद्याला इजा झालेली तरुण मुलं आली. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर झोतांवर बंदीचा आदेश काढला होता. तुमच्या गावात यंदा काय आदेश आहे ते पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या.

चष्म्याचा उपाय सुचवणारे भेटतील. साधा गॉगल अजिबात उपयोगाचा नाही. लेझरचे खास चष्मे ठरावीक रंगच अडवतात, आणि लाल-हिरवा-निळा तिन्ही अडवायचे तर समोरचं काहीच दिसणार नाही.

मशीनच्या मागच्या स्टिकरवरही विसंबू नका. आमच्या गल्लीतल्या मंडळाने एकदा आणलेला लेझर मी मीटर लावून मोजला. स्टिकरवर 2 वॅट होतं, मीटरने 3 च्या वर दाखवलं. वर्गाचा उल्लेख तर कुठेच नव्हता. त्या पोरांनी तो तसाच परत पाठवला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्याऐवजी शार्पी (बारीक झोताचा फिरता दिवा) आणि एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) घ्या. शार्पीला लोक लेझरच समजतात, पण तो दिव्याचाच झोत असतो. अगदी जवळून थेट डोळ्यांवर मारू नये, एवढं पथ्य त्यालाही आहे.

तरीही कुणाच्या डोळ्यात लेझर गेलाच तर एक गोष्ट सगळ्या कार्यकर्त्यांना सांगून ठेवा: दुखत नाही म्हणून थांबू नका. पडद्याला वेदना कळत नाही. नजरेच्या मधोमध काळा डाग दिसणं किंवा सरळ रेषा वाकडी दिसणं ही खूण. डोळा चोळू नका, घरचे थेंब टाकू नका, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जाऊन ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, करून घ्या आणि लेझरचा रंग व वॅट त्यांना सांगा.

मंडळ मोकळ्या मैदानात, एका जागी कार्यक्रम करणार असेल तर वेगळा विचार करता येईल. मशीनच्या स्टिकरचा फोटो आणि जागेची मापं इथे टाका, अंतराचा हिशेब मी करून देतो.