अकरातली आठ खोडा

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तीन दिवस लंडनला जातोय. विमान आणि राहण्यातच बहुतेक पैसे संपले. तिथली मोठी म्युझियमं फुकट आहेत असं ऐकलंय. फुकट म्हणजे दुय्यम तर नसतील ना? मी यादी केली, अकरा ठिकाणं झाली. तीन दिवसांत बसतील का?

उत्तर : बसतील, पण तुम्ही उभे राहू शकणार नाही. अकरातली आठ खोडा.

दुय्यम असण्याची शंका आधी काढून टाका. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हाही आत जायला पैसे नव्हते. इतर काही राष्ट्रीय संग्रहालयांत मध्यंतरी तिकीट होतं, ते डिसेंबर २००१ मध्ये गेलं. रोझेटा शिला फुकट, व्हॅन गॉगची सूर्यफुलं फुकट. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना. त्यांच्या पाट्या दारातच मोठ्या असतात, त्यांना भुलू नका.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या खेपेला मी ब्रिटिश म्युझियममध्ये सकाळी दहाला शिरले आणि दार बंद व्हायच्या वेळी बाहेर पडले. फुकट आहे ना, मग सोडायचं कशाला! त्या दिवसातलं आज मला एक लाकडी बाक आठवतं. त्यावर बसून मी चपला काढल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. नॅशनल गॅलरीत गेले ती एकाच चित्रासाठी, हॉल्बाइनच्या ‘द अँबॅसडर्स’साठी. १५३३ सालचं चित्र. दोन रुबाबदार पुरुष, मध्ये मांडणीवर पृथ्वीगोल, वाद्यं, खगोलाची उपकरणं, आणि खाली जमिनीवर तिरका फासलेला एक करडा पट्टा. समोरून पाहिलं तर काहीच कळत नाही. चित्राच्या उजव्या कडेला भिंतीजवळ जाऊन उभं राहिलं आणि तिथून तिरकं पाहिलं, की तो पट्टा आखडतो आणि मानवी कवटी दिसते. मी पाचदा मागेपुढे केलं. रखवालदार हसत होता, त्याला हे रोजचंच. चाळीस मिनिटांत बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, फक्त ती कवटी पाहायला. तिकीट काढलं असतं तर पहिल्याच दिवशी पैसे वसूल करत साठ दालनं तुडवली असती आणि दुसऱ्या दिवशी फिरकलेही नसते. फुकट प्रवेशाची खरी चैन ही : अर्ध्यावर उठून जाता येतं.

म्हणून तुमचे तीन दिवस असे लावा. एक सकाळ ब्रिटिश म्युझियमला. तिथे अश्शूरचा राजा अशुरबनिपाल याच्या सिंहशिकारीची शिल्पं गाठा. निनवेच्या राजवाड्यातल्या दगडी पट्ट्या आहेत त्या. बाणांनी विंधलेली एक सिंहीण मागचे पाय फरफटत पुढे सरकते आहे. राजाच्या गौरवासाठी कोरलेलं शिल्प, पण जीव तुटतो तो त्या सिंहिणीसाठी. तिथले स्वयंसेवक अर्ध्यापाऊण तासाच्या मोफत फेऱ्याही घेतात, एखादी जरूर करा.

शुक्रवार हाती लागत असेल तर संध्याकाळ राखून ठेवा. नॅशनल गॅलरी त्या दिवशी रात्री नऊपर्यंत असते, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम दहापर्यंत. या दुसऱ्यात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहेच, आपली माणसं तिकडे धावतातच. पण मला आवडतं ते साच्यातून ओतलेल्या प्रतिकृतींचं दालन. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती तिथे आहे. ती छतात मावेना, म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केली आहे.

तिसरं ठिकाण सर जॉन सोन यांचं घर. हे वास्तुविशारद गृहस्थ जमवाजमव करणारे. इतके, की एका खोलीतल्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं! तळघरात इजिप्तचा राजा सेती पहिला याची दगडी शवपेटी. सोमवार-मंगळवार बंद असतं, तेवढं बघा.

वेस्टमिन्स्टर ॲबीला पर्यटक म्हणून तिकीट आहे, संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला नाही. पण तिथे प्रार्थनेला आल्यासारखं बसायचं, भटकायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मला हे उलट बरं वाटलं. हातातला मोबाइल गेला की कान उघडतात.

आणि शेवटच्या दिवशी चाकांची बॅग ओढत संग्रहालयात जाऊ नका. मी गेले आणि दारातूनच परत फिरले. सामान हॉटेलवर ठेवा.

प्रश्न : रोममध्ये संग्रहालयांची तिकिटं परवडणार नाहीत. मग काय पाहावं?

उत्तर : चर्चेस. सान लुईजी देई फ्रांचेझीमध्ये काराव्हाज्जोची तीन चित्रं एकाच कोपऱ्यात आहेत, ज्या जागेसाठी काढली तिथेच. सान पिएत्रो इन विंकोलीत मायकलअँजेलोनं घडवलेला मोझेसचा पुतळा. खिशात सुटी नाणी ठेवा. बऱ्याच ठिकाणी नाणं टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो आणि थोड्या वेळानं विझतो. नाणं नसेल तर दुसऱ्या कुणी टाकेपर्यंत अंधारात थांबा, कुणीतरी टाकतंच. दुपारी बरीच चर्चेस बंद असतात, ती वेळ विश्रांतीला ठेवा. खांदे झाकलेले असू द्या.

प्रश्न : माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बंद होण्याआधीचे दोन तास फुकट असतात म्हणे. तेवढ्या वेळात काय होणार?

उत्तर : एक चित्र होईल. वेलास्केझचं ‘लास मेनिनास’, १६५६. रांगेत थोडं आधी उभे राहा, आत गेल्यावर सरळ त्याच दालनात जा आणि चित्रातल्या आरशात दिसणारे राजा-राणी नक्की कुठे उभे असतील यावर दोघं मनसोक्त भांडा. आम्ही हॉटेलवर पोहोचेपर्यंत भांडत होतो.