एक्सपोर्टच्या यादीत हॅप नाही, मग फाइल द्यायची कशी?

प्रश्न : ताई, आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी मी मागच्या एलईडी वॉलवरची दृश्यं तयार करतो. प्रीमियर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून एच.२६४ फाइल काढून दिली, तर ऑपरेटरदादा म्हणाले, ‘ही नको, हॅपमध्ये द्या.’ माझ्या एक्सपोर्टच्या यादीत हॅप हे नावच नाही. प्रयोग पंधरा दिवसांवर आलाय. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादांचं म्हणणं ऐका, ते तुमच्या प्रयोगाच्याच भल्याचं आहे. एच.२६४ आणि हॅप या व्हिडिओ फाइलमध्ये साठवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एका एकांकिकेला मीही एच.२६४ फाइल दिली होती. नायिका खिडकी उघडते आणि पाऊस सुरू होतो, असा प्रवेश. तालमीत माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. प्रयोगात मात्र व्हिडिओचे तीन थर एकदम चालू होते, आणि खिडकी उघडल्यावर पाऊस यायला दोन सेकंद लागले. त्या मुलीने तेवढी जागा निभावून नेली, पण तिचं पुढचं वाक्य पडलं. ते मला अजून लागून राहिलंय.

एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे मधूनच सुरू करायचं किंवा उलटं चालवायचं म्हटलं की संगणकाला आधी बऱ्याच फ्रेम उलगडाव्या लागतात. हॅपमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ग्राफिक्स कार्डाला थेट वाचता येईल अशा रूपात असते. इशारा दिला की चित्र हजर.

आता तुमच्या यादीचं. पूर्वी हॅप क्विकटाइम या अॅपलच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या वाटेने अॅडोबीत, म्हणजे प्रीमियर बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, येत असे. एप्रिल २०१८ च्या आवृत्तीत अॅडोबीने क्विकटाइम ७ च्या काळातले फॉरमॅट काढून टाकले, तेव्हा ती वाट बंद झाली. त्यावर उपाय म्हणजे हॅपचा एक्सपोर्ट प्लगइन, म्हणजे प्रीमियरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. डिस्गाइज या मीडिया सर्व्हर (रंगमंचावर व्हिडिओ चालवणारे संगणक) बनवणाऱ्या कंपनीने तो गिटहब या संकेतस्थळावर मोफत ठेवलाय. विंडोज आणि मॅकसाठी वेगळा इन्स्टॉलर आहे. अॅडोबीची सगळी सॉफ्टवेअर बंद करून तो चालवा, मग प्रीमियर उघडा. फॉरमॅटच्या यादीत हॅप दिसू लागेल. आफ्टर इफेक्ट्समध्ये काम करत असाल तर कॉम्पोझिशन मीडिया एन्कोडर या अॅडोबीच्याच फाइल काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत पाठवा आणि तिथे हॅप निवडा.

पुढे हॅपचे प्रकार विचारले जातील. साध्या दृश्याला हॅप पुरतो. संध्याकाळचं आकाश, धुकं, अंधारातला दिवा अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगांत मात्र त्याचे चौकोन आणि पट्टे दिसतात. एवढ्या मोठ्या वॉलवर ते फार खुपतात, म्हणून तिथे हॅप क्यू (Q) हा जास्त चांगल्या दर्जाचा प्रकार घ्या. पाठीमागचं पारदर्शक हवं असेल तर हॅप अल्फा. लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये चारच्या पटीत ठेवा. वॉलचा नेमका आकार दादांना आजच विचारा, कारण वॉल १९२० बाय १०८० चीच असेल असं नाही.

फाइलचा आकार पाहून घाबरू नका. १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर साध्या हॅपचा एक मिनिट दीड जीबीपर्यंत जातो, हॅप क्यूचा तीन जीबीपर्यंत. म्हणजे तीन मिनिटांची एक फाइलसुद्धा चार जीबीच्या वर जाऊ शकते, आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेतच नाही. ड्राइव्ह आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

काही कारणाने प्लगइन बसलाच नाही, तर प्रीमियरमधून प्रोरेझ या दर्जा टिकवणाऱ्या प्रकारात फाइल काढा आणि शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हॅप करून घ्या. पारदर्शकता हवी असेल तर प्रोरेझ ४४४४ च घ्या, प्रोरेझ ४२२ मध्ये ती उरत नाही.

आणि सगळी दृश्यं करत बसण्याआधी दहा सेकंदांची एकच फाइल काढून या आठवड्यात दादांकडे पोचवा. ती त्यांच्या मशीनवर, त्यांच्याच वॉलवर चाललेली स्वतः बघा, मग बाकीची एक्सपोर्टला लावा.