जानेवारीत बल्गेरियात, सोफियात चार दिवस आहोत. पेर्निकसाठी एक दिवस काढावा का?

हो, नक्की काढा, आणि तारखा जुळत असतील तर तिथला जानेवारीअखेरचा 'सुर्वा' हा मुखवट्यांचा महोत्सव गाठाच. पेर्निक सोफियाच्या नैऋत्येला साधारण 30 किलोमीटरवर आहे, रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. 1891 मध्ये इथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि गाव शहर बनलं. खाणीच्या जुन्या बोगद्यातच आता संग्रहालय आहे. काचेच्या कपाटातली अवजारं पाहण्यापेक्षा त्या लाकडी टेकूंखालून चालण्यात जास्त मजा. महोत्सव 1966 पासून भरतो: लोकरीची, पिसांची, शिंगांची प्रचंड मुखवट्यांची सोंगं, कमरेला जड घंटा आणि रस्ताभर कान बधिर करणारा गजर. कल्पना अशी की या गोंगाटाने वाईट शक्ती पळतात आणि नव्या वर्षी पीकपाणी चांगलं होतं.

पण खरी प्रथा शहरातली नाही, आसपासच्या गावांतली. तिथे जुन्या दिनदर्शिकेचं नववर्ष म्हणून 13-14 जानेवारीला रात्री चौकात होळी पेटते आणि सकाळी सोंगं घरोघर फिरतात, त्यांत नवरा-नवरी, पाद्री, अस्वलसुद्धा असतं. युनेस्कोने 2015 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली ती हीच प्रथा. गर्दी नको असेल तर मी गावच निवडेन.

एकच अट: शहर म्हणून पेर्निक देखणं नाही, सिमेंटच्या इमारती आणि कारखाने. महोत्सव नसेल तर खाण आणि टेकडीवरचा क्राक्रा किल्ला पाहायला अर्धा दिवस पुरतो. संग्रहालय उघडं आहे का, ते आधी विचारून घ्या.