रास बघू नगं, खुरपण बघ

लातूर,
रविवार रात्र

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या इन्व्हेस्टमेंट बँकेतली नोकरी घेऊ की वाळूजच्या कंपनीतच राहू, हे विचारायला दुपारी तू आलास, दीड तास बसलास, चहावर साय धरली, आणि तेवढ्या वेळात पगाराचा आकडा मी पाच वेळा ऐकला. कामाबद्दल एक वाक्य नाही. आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणालास, "सर, तुम्ही म्हणाल तसं करतो." तेव्हाच बोलणार होतो, पण ही ओट्यावर उभी होती म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

आमचे वडील औसा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. शेजारच्याच्या खळ्यावर नव्या पिकाची मोठी रास दिसली, की गावातले निम्मे लोक पुढच्या मृगाला तेच पेरायला निघायचे. वडील म्हणायचे, "रास बघू नगं, खुरपण बघ." श्रावणात भुरभुर लागलेली असताना तणात वाकून कंबर मोडते, तेव्हाही जे पीक नकोसं होत नाही, ते पेरावं.

तुला दिसतेय ती रास. वांद्रे-कुर्ला संकुलातलं काचेचं ऑफिस, वर्षाच्या शेवटी बोनस, गावात 'पोरगं इन्व्हेस्टमेंट बँकर झालं' म्हणून नाव. खुरपण कुठलं, ते ऐक. कंपन्यांच्या मालकांना भांडवल उभारणीचे सल्ले देणारी माणसं तुझ्या वर तीन-चार पायऱ्या असतील. ॲनालिस्ट म्हणून तू एक्सेलमध्ये मॉडेल, म्हणजे कंपनीच्या पुढच्या वर्षांच्या आकड्यांचं गणित, बांधणार. संध्याकाळी सातला वरचा म्हणणार, वाढीचा दर अर्ध्या टक्क्यानं खाली घे, आणि तू रात्री दोनपर्यंत क्लायंटला दाखवायचं चाळीस पानांचं सादरीकरण, पिचबुक, परत जुळवणार. सकाळी क्लायंट त्यातली नऊ पानं चाळणार. पब्लिक इश्यू, म्हणजे लोकांना शेअर विकायचे असले, तर डीआरएचपी, कंपनीच्या माहितीपत्रकाचा मसुदा: शेकडो पानं, तीन वर्षांचे नव्यानं मांडलेले (रिस्टेटेड) आकडे, वकील एकीकडे ओढतोय, ऑडिटर दुसरीकडे. सगळी माहिती तपासल्याचं, ड्यू डिलिजन्सचं, सर्टिफिकेट इश्यू हाताळणाऱ्या मर्चंट बँकरच्या सहीनं सेबीकडे, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, जातं, म्हणून प्रत्येक विधानामागं कागद लागतो, आणि तो कागद हुडकणारा तूच. सहा-आठ महिने हे सगळं करावं आणि ऐन वेळी बाजार पडून इश्यू बासनात जावा, असंही होतं.

आता मला सांग, यातलं काय आवडतं तुला? आकडा सोडून सांग.

जालन्याच्या रोलिंग मिलचं ऑडिट आठवतं? भंगाराच्या स्टॉकचा ताळा लागत नव्हता. बाकीचे दोघं जेवायला गेले, तू वजनकाट्याच्या पावत्या फरशीवर मांडून बसलास. साडेनऊला मला फोन: "सर, एक पावती दोनदा धरलीय!" तो आवाज मी आज दुपारभर ऐकायला बसलो होतो. नाही आला.

माझं सांगतो. १९९२ साली भांडवल उभारणीवरच्या नियंत्रणाचा जुना कायदा गेला, शेअरचा भाव सरकारला विचारून ठरवायची गरज उरली नाही, आणि जो तो पब्लिक इश्यू घेऊन यायला लागला. मी ताजा सीए, फोर्टातल्या एका मर्चंट बँकिंग फर्ममध्ये चिकटलो. रात्री छापखान्यात प्रॉस्पेक्टसची, म्हणजे इश्यूच्या माहितीपत्रकाची, प्रुफं तपासायची. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पट्टी सरकवत लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. डोळे चुरचुरायचे, पण मला ते आवडायचं रे. पट्टी खाली सरकली की बरं वाटायचं.

मग ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी गावी आलो आणि परत गेलो नाही. तीस वर्षं हेच कारण सांगतोय, तुलाही सांगितलं. खरं असं की आमची एक भिंत तडकली होती. माणसं धड होती, थोरला भाऊ सगळं बघत होता. पंधरा दिवसांत परतता आलं असतं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये माझं इंग्रजी अडखळलं आणि चौघं हसले होते. एवढंच. ज्या भूकंपात लोकांची घरंच्या घरं गाडली गेली, त्याच्या आडोशाला मी माझी लाज झाकली.

म्हणून तुला 'जा' म्हणतोय असं समजू नको. इथं मी काय वाईट केलं? डाळमिलवाल्यांचे, आडत्यांचे ताळेबंद केले, तुमच्यासारखी पोरं घडवली, आईची शेवटची सात वर्षं तिच्याजवळ होतो, आठच्या ठोक्याला घरी... बघ, मीसुद्धा राशीच मोजायला लागलो.

वाळूजच्या नोकरीची लाज कशाला वाटते तुला? कंपनीची बस, साडेपाचला सुटका, हा काही गुन्हा नाही. तिथलंही खुरपण बघ. महिनाअखेरचं क्लोजिंग, जीएसटीचा ताळा, हे पुढची वीस वर्षं करवेल का? करवत असेल तर सुखानं राहा. रास तर कुठलीच टिकत नाही. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली १८५० पासूनची पेढी, मोठी इन्व्हेस्टमेंट बँक, १५ सप्टेंबर २००८ ला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पोरं खोकी घेऊन बाहेर पडली, खोक्यात बोनस नव्हता.

खोलीचं भाडं, ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीचं लग्न, सगळं माहीत आहे मला. तो हिशोब तू माझ्याशिवाय मांडशील.

उत्तर द्यायला तुला पंधरा दिवस आहेत ना? सेबीच्या वेबसाइटवर डीआरएचपी फुकट मिळतात. आपल्याला कळेल असा धंदा घे, बियाण्यांचा नाहीतर ऑटो पार्ट्सचा. दहा दिवस, कामावरून आल्यावर, रात्री नऊ ते एक. आकडे स्वतः एक्सेलमध्ये उतरव, पुढची पाच वर्षं मांड, कंपनीची किंमत काढ. सहाव्या रात्री विक्रीचं गृहीतक बदल आणि सगळं परत कर. शिव्या येतील, येऊ दे. अकराव्या रात्री कुणी न सांगता बसावंसं वाटलं का, तेवढं कळव. नाही वाटलं तरी कळव.

तुझ्या वडिलांचे संध्याकाळपासून दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. घरी 'सरांनी सांगितलं' असं म्हणायचं नाही, जे काय ते तुझ्या तोंडानं सांग. आणि फाइल एक्सेलच पाठव, पीडीएफ नको. मला फॉर्म्युले बघायचेत.

सर