वाचक विचारतात : मिसाईल सुटल्यानंतरचे बारा सेकंद

प्रश्न : आम्ही चार मित्र रात्री आर्मा ३ हा युद्धाचा कॉम्प्युटर गेम खेळतो. लॉक होणारा, म्हणजे टार्गेट स्वतःच पकडणारा टायटन लाँचर मला बरा जमतो, पण व्होरोना हा लाँचर हातात घेतला की मिसाईल अर्ध्या वाटेत जमिनीत घुसतं नाहीतर रणगाड्याच्या डोक्यावरून निघून जातं. नेम तर बरोबर असतो. काय चुकतंय?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : मित्रा, नेम बरोबर असेल, पण ट्रिगर दाबल्यानंतर तू काय करतोस ते सांग. व्होरोना २०१८ च्या टँक्स डीएलसीमध्ये (गेमच्या जोड-भागात) आला आणि त्यात मिसाईल लागेपर्यंत क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, रणगाड्यावर धरून ठेवावा लागतो. आपल्या सैन्याकडची मिलान आणि कोंकर्स ही रणगाडाविरोधी मिसाईलं ह्याच प्रकारातली. ह्या मिसाईलला रणगाडा दिसतच नाही, दिसतो तो तुला. खऱ्या मिलानची साइट मिसाईलच्या शेपटाकडचा उजेड बघत असते, तो क्रॉसहेअरपासून किती सरकलाय ते मोजते आणि मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून त्याला वळायचे हुकूम पाठवत राहते. त्यामुळे तू माऊसला झटका दिलास की मिसाईलही झटक्यात वळायला बघतं, आणि ते जमिनीलगत उडत असेल तर गेलंच. झूममधली माऊस सेन्सिटिव्हिटी आधी कमी कर, सुरुवातीला क्रॉसहेअर रणगाड्याच्या थोडासा वर ठेव, मिसाईल जवळ पोचत आलं की हळूच खाली आण. मधे झुडपं किंवा बांध असतील तर तिथून मारूच नकोस, जागा बदल.

पण माझ्या मते खरा घोटाळा हाताचा नाहीये, वेळेचा आहे. मिलानला २००० मीटर कापायला साधारण साडेबारा सेकंद लागतात. रणगाडा ताशी ३६ किमीने चाललाय धर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे तेवढ्यात तो सव्वाशे मीटर पुढे गेलेला असतो. आता त्याच्या वाटेवर शंभर मीटरवर एखादं घर नाहीतर टेकाड असेल तर तुझं मिसाईल पोचायच्या आधीच तो आड जाणार, मग तू कितीही स्थिर धर. म्हणून रणगाडा दिसला की लगेच दाबायचं नाही, आधी त्याची पुढची वाट बघायची, पुढचे बारा-पंधरा सेकंद तो उघड्यावर आहे ना एवढं बघायचं आणि मगच. ही सवय लागली ना की तुझे निम्मे नेम आपोआप सुधारतील.

आणि त्या बारा सेकंदांत तू स्वतःही हलू शकत नाहीस हे विसरू नकोस. रणगाड्याचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला दीड किमीच्या वर जातो, त्याने तुला बघितलं तर त्याचा गोळा तुझ्या मिसाईलच्या कितीतरी आधी पोचतो. म्हणून समोरून नाही, बाजूने मारायचं, टेकडीच्या कडेवर आकाशासमोर बसायचं नाही, आणि मिसाईल लागलं की लगेच जागा सोडायची. १९६५ ला असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले ते असंच, उभ्या पिकात लपून, मारून, लगेच जागा बदलून. ती गन म्हणजे गायडेड मिसाईल नव्हे, पण जागा निवडायची अक्कल तीच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, तुम्ही चौघांनी ती लढाई नकाशा समोर ठेवून एकदा नीट वाचाच.

प्रश्न : मिसाईलला टॉप अटॅक (वरून छतावर मारा) असताना डायरेक्ट (सरळ मारा) मोड कशाला ठेवतात?
(हडपसर)

उत्तर : रणगाड्याचं चिलखत पुढून सगळ्यात जाड आणि छतावर पातळ, म्हणून जॅव्हेलिनसारखं मिसाईल दीडशे मीटरपर्यंत वर चढून छतावर उतरतं. पण रणगाडा पुलाखाली असेल, शेडमध्ये असेल, दाट झाडीत असेल तर वरून वाटच नाही, तिथे डायरेक्ट. अगदी जवळच्या टार्गेटलाही डायरेक्टच, कारण वर चढून परत खाली यायला अंतर लागतं. डीआरडीओचं खांद्यावरून नेता येणारं एमपीएटीजीएम हे रणगाडाविरोधी मिसाईलसुद्धा टॉप अटॅक करतं आणि त्यालाही इन्फ्रारेड सीकर आहे, म्हणजे उष्णतेवरून टार्गेट स्वतःच शोधणारा डोळा, त्यामुळे सोडलं की मोकळे.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर ह्याच गेममध्ये असतो. पुण्याजवळ त्याला खरं काही दाखवता येईल का?
(सिंहगड रोड)

उत्तर : ताई, नगरला न्या, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. सेंच्युरियन, विजयंता, १९६५ चे पॅटन, सगळे उघड्यावर उभे आहेत. त्याला एकेका रणगाड्याभोवती सावकाश चक्कर मारू द्या. पुढचा तिरका पत्रा, बाजूची साखळी, मागचं इंजिन आणि आतल्या माणसाला बाहेरचं बघायला ठेवलेल्या पेरिस्कोपच्या त्या इवल्याशा काचा. रणगाड्याला किती कमी दिसतं हे स्क्रीनवर कळत नाही, तिथे कळतं. आणि आपल्या पाषाणची एआरडीई ही डीआरडीओची शस्त्रं बनवणारी संस्था ह्याच कामातली आहे हेही त्याला सांगा. अर्जुन रणगाड्यातून सोडायचं लेझर गायडेड मिसाईल त्यांनी केलंय, २०२० च्या सप्टेंबरमध्ये नगरच्याच के. के. रेंज ह्या लष्कराच्या गोळीबार मैदानावर त्याने ३ किमीवरचं टार्गेट उडवलं होतं. ज्या मुलाला मिसाईल का वळतं हा प्रश्न पडतो त्याला फिजिक्सकडे वळवणं अवघड नाही, फक्त गेम बंद कर म्हणून सुरुवात करू नका.

प्रश्न : आर्मामध्ये एसीई मॉड (गेमला खरेपणा आणणारी भर) टाकल्यापासून खोलीतून लाँचर मारला की मीच मरते. बग आहे का?
(वाकड)

उत्तर : बग नाही. लाँचरच्या मागून निघणारा झोत, म्हणजे बॅकब्लास्ट, हा मॉड मोजतो. मागे भिंत असेल तर तो झोत आपटून परत तुझ्याचकडे येतो. साध्या आर्मामध्ये हे नव्हतं म्हणून आधी चालून जायचं. मारायच्या आधी मान वळवून मागे बघ, भिंत नको आणि आपला माणूस तर अजिबात नको. गच्चीवरून मारणार असशील तर जिन्याच्या खोलीला पाठ करून बसू नकोस.