चाकणची एस-क्लास की जर्मनीहून आलेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मर्सिडीज एस-क्लासच्या, २०२१ च्या दोन वापरलेल्या एस ४५० तुमच्या नजरेत आहेत. एक सुरुवातीच्या, थेट जर्मनीहून आलेल्या तुकडीतली आणि दुसरी त्यानंतर पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जोडलेली. पहिलीचा मालक ‘ओरिजिनल जर्मन’ म्हणून बारा लाख जास्त मागतोय. ते द्यावेत का?

नुसत्या त्या शब्दासाठी एक रुपयाही देऊ नका.

आधी नव्या गाडीच्या किमती आठवा. जून २०२१ मध्ये आयात केलेली एस ४५० आली ती २ कोटी १९ लाखांना. ऑक्टोबरमध्ये चाकणची आली १ कोटी ६२ लाखांना, दोन्ही एक्स-शोरूम. चार महिन्यांत ५७ लाखांचा फरक पडला. दोन्हींत दिलेल्या सोयी अगदी सारख्या नव्हत्या हे खरं, पण या फरकाचा मोठा वाटा सीमाशुल्काचा. तेव्हा तयार महागडी गाडी बंदरात उतरली की अधिभार धरून सुमारे ११० टक्के शुल्क. तीच सुट्या भागांत आणली, इंजिन आणि गिअरबॉक्ससुद्धा सुटे आणून इथे जोडले, तर मूळ शुल्क १५ टक्के. इंजिन तयार जोडून आणलं तर दर पुन्हा वर जातो, म्हणून मर्सिडीजची इंजिनं चाकणला फोर्स मोटर्स जोडून देते. थोडक्यात, पहिल्या मालकाचे ते पैसे सरकारी तिजोरीत गेले, गाडीच्या पत्र्यात नाही. ते तुम्ही का भरून द्यायचे?

जोडणीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर ती सोडा. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जोडते, आधी टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात आणि २००९ पासून चाकणला. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या वापरल्या आहेत. दरवाजा आणि फेंडरमधल्या फटीवरून कितीदा बोट फिरवलं असेल, मला फरक सापडलेला नाही. उलट लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ई-क्लास आपल्याला मिळाली ती इथे जोडली म्हणूनच.

सुट्या भागांचं म्हणाल तर गाडी कुठे जोडली यापेक्षा तशा किती गाड्या रस्त्यावर आहेत हे महत्त्वाचं. माझ्याकडे एक आयात केलेली दोन दरवाजांची गाडी होती, कंपनीचं नाव घेत नाही. खंबाटकी घाटात ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून पुढची काच तडकली. तशी काच देशात कुणाकडेच नव्हती. सात आठवडे गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात कापडाखाली उभी होती. एस-क्लासमध्ये ही भीती फार कमी, कारण तुमच्या दोन्ही गाड्यांचे बहुतेक भाग एकच आहेत.

बारा लाखांचा विचार करायचाच तर तो सोयींसाठी करा. दोन्ही गाड्यांची मूळ बिलं आणि सोयींची यादी मागवा आणि एकेक ओळ ताडून बघा. मागच्या सीटवर जास्त कोण बसणार? तुम्ही लिहिलंय की वडील. मग मागच्या सीटचं मसाज, पायांचा आधार, पडदे यांचं मोल आहे. तुम्ही स्वतःच चालवणार असाल तर त्यातलं निम्मं कधी वापरलंही जाणार नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ते बसून वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तर गाडीने काय सोसलंय ते विकणाऱ्याला सरळ विचारा. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी सुरू करण्याआधी चारही कोपरे बघा. एखादा खाली बसलेला दिसला तर खर्च मोठा आहे.

पुढे कधी नवीन आयात गाडीचा विचार आला तर रोड टॅक्स विसरू नका. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, आयात गाडीला २०. एक कोटीच्या गाडीवर हा फरक सात लाखांचा आहे.

सोयी जवळपास सारख्या असतील तर मी चाकणची घेईन. फक्त टोकन देण्याआधी चॅसी नंबरवरून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास काढून घ्या, मालकाने दाखवलेल्या फाईलवर थांबू नका.