बोटं सुजलीत, इंजेक्शन सुरू करू का?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, ब्लाउज शिवते. आठ वर्षांपासून सोरायसिस आहे. डोक्यात, कोपरांवर आणि परकराची नाडी बसते तिथे कंबरेवर. गेल्या दिवाळीपासून दोन बोटं सुजलीत, सकाळी कात्री धरवत नाही. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. सासूबाई म्हणतात, त्यानं टीबी होतो आणि एकदा सुरू केलं की सुटत नाही. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. सांगलीत पेटी शिकवते. माझाही सोरायसिस सांध्यांत उतरला, त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात, आणि त्यासाठी २०१६पासून हेच इंजेक्शन घेतेय. तुमची ती सकाळची कात्री वाचली आणि पेटीचा भाता उघडायलाही नवऱ्याला हाक मारावी लागायची ते दिवस आठवले.

मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीही घाबरले आणि दीड वर्ष घालवलं. चट्टे काय, आज ना उद्या जातील, असं वाटायचं. चट्टे गेलेही. इंजेक्शन सुरू केल्यावर तीन महिन्यांत कोपरांवरचे खवले गळले, मागे फिकट डाग राहिले, पुढे तेही मिटले. पण उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर त्या दीड वर्षात वाकडं झालं ते झालंच. एक्स-रेमध्ये हाड उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. कातडी नवी येते हो, झिजलेलं हाड येत नाही. जलद तान वाजवताना ते बोट आजही मागे राहतं. तुमचं पोट बोटांवर आहे, म्हणून हे आधी लिहिलं.

टीबीबद्दल सासूबाईंचं अगदीच चुकत नाही. शरीरातलं टीएनएफ नावाचं प्रथिन सूज वाढवतं. हे औषध त्याला अडवतं. पण आपल्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतील, तर त्यांना कोंडून ठेवायचं कामही हेच प्रथिन करतं. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, हातावर टोचून करतात ती टीबीची माँटू चाचणी किंवा त्याचसाठी रक्ताची इग्रा तपासणी, शिवाय कावीळ बी, सी आणि एचआयव्ही. यातलं काही टाळू नका. माझी माँटू चांगलीच उठली होती, म्हणजे झोपलेले जंतू असावेत. म्हणून टीबी रोखणारी आयसोनियाझिडची गोळी सहा महिने घेतली, मधूनमधून यकृताची तपासणी केली. पहिलं इंजेक्शन मिळालं ते गोळी सुरू होऊन महिना झाल्यावर. टीबी झाला नाही. ताप आला, खोकला रेंगाळला, वजन उतरायला लागलं, तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी डॉक्टरांना फोन करायचा. घरात कुणी खोकत असेल तर तेही सांगा.

‘सुटत नाही’ म्हणजे सवय लागते असं नाही. रोग मुळातून जात नाही, त्यामुळे बंद केलं की बहुतेकांना काही महिन्यांत तो परत डोकं वर काढतो. पैसे आले की घ्यायचं, नसले की सोडायचं, असं मात्र करू नका. शरीर कधीकधी औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि मग तेच औषध लागू पडेनासं होतं. खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. झायडस कॅडिलाने भारतात बनवलेलं अ‍ॅडालिमुमॅब डिसेंबर २०१४मध्ये आणलं, म्हणून ते माझ्या आवाक्यात तरी आलं. तरीही पाटल्या मोडाव्या लागल्या. आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही. माझ्या ओळखीच्या एकींना सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातलं औषध द्यावं लागलं.

टोचणं अवघड नाही. माझं दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी असतं. फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवते, तेवढ्यात चहा होतो. बेंबीपासून चार बोटं सोडून पोटाची चिमूट धरायची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. औषध आत जाताना मुंगी चावल्यासारखं झोंबतं. पहिल्याच महिन्यात जाऊबाईंनी काळजीपोटी सिरिंज बर्फाच्या कप्प्यात ठेवली. एकदा गोठलेलं औषध वितळवून चालत नाही, टाकूनच द्यावं लागलं. त्या दिवशी मी खूप रडले. तुम्ही दोन ते आठ अंशांत, मधल्या कप्प्यात, खोक्यासकट ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पुढच्या भेटीत दोन्ही हातांचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा. सकाळी टाचा दुखत असतील तर तेही सांगा, ते याच आजाराचं असू शकतं. आणि जाताना नेलपॉलिश पुसून जा. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे आहेत का, ते डॉक्टर बघतील.